काचेच्या पेटीला गोधडी

गावातली दिवाळी होऊन गेली की आमच्या अंगणातल्या दोरीवर गोधड्या येतात. जुबेदा, माझी बायको, त्या काठीनं झोडपते, उलट्या-पालट्या करते आणि कुठली गोधडी कुणाला द्यायची हे मनातल्या मनात ठरवून टाकते. काल तिनं सगळ्यात जाड चौघडी बाजूला काढली. मी म्हटलं, ही मला दे, यंदा थंडी लवकर पडलीय. ती म्हणाली, "तुम्हाला दुसरी काढते. ही माशांची हाय."

ती चौघडी आता बाहेरच्या खोलीत माशांच्या टाकीशेजारी स्टुलावर घडी घालून ठेवलेली आहे. टाकीच्या काचेवर तापमानाची एक पट्टी चिकटवलेली आहे; जेवढं तापमान, त्या आकड्यावर ती हिरवी होते. आज सकाळी ती चोवीस दाखवत होती. मागच्या आठवड्यात सव्वीस होतं. दोन अंश खाली आले, म्हणजे आता तयारीला लागायला हवं.

आमचं गाव पाटसपासून थोडं आत. इथं हिवाळा आधी नाकाला कळतो. कारखाना पेटला की मळीचा तो आंबूस-गोड वास वाऱ्यावर येतो आणि मग फेब्रुवारी-मार्चपर्यंत घरच्या चहालाही तो लागलेला असतो. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं डुलत जातात. रस्त्याकडेला पडलेली कांडी पोरं उचलतात, आणि थोडा उशीर करून शाळेत पोचतात. मी कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, रिकाम्या गाडीचं घ्यायचं, एकातून दुसरं वजा करायचं. इतकी वर्षं हेच करतो आहे, त्यामुळे आकड्याशिवाय मला काही खरं वाटत नाही. जुबेदा म्हणते, यांना ताप आला तरी आधी थर्मामीटर बघतील आणि मग कण्हायला लागतील.

उन्हाळ्यात वीज गेली की माणूस लगेच ओरडतो, कारण पंखा थांबतो. हिवाळ्यात ती गेलेली कित्येकदा कळतही नाही. पाणी बंबात तापतं, भाकरी चुलीवर नाहीतर गॅसवर होते, माणसं लवकर अंथरुणात शिरतात. आणि नेमकी हिवाळ्यातच आमच्याकडची वीज बेभरवशाची असते. गहू, हरभरा, कांदा, ऊस, सगळ्यांना एकदम पाणी हवं असतं. मोटारीची वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एका दमात सुरू होतात. गावाच्या टोकाला खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर, ज्याला आम्ही डीपी म्हणतो, तो गुरगुरतो, तापतो आणि एखाद्या दिवशी जळून जातो. नवा येईपर्यंत माणसांचं फारसं अडत नाही. माशांचं अडतं. त्यांचं पाणी गरम ठेवणारा हीटर बंद, पाण्यात हवा सोडणारा पंप बंद, गाळणी बंद. आणि ओरडायची त्यांना सोय नाही.

टाकी माझ्या मुलीची, सनाची. शिरूरला नर्सिंगला गेली तेव्हा ती टाकी अब्बांच्या हवाली करून गेली. अब्बा म्हणजे माझे वडील. गावात त्यांना सगळे मुलाणीमामा म्हणतात. जत्रा असो, नवस असो, कुणाच्या घरी कंदुरीचं जेवण असो, पंचक्रोशीतलं बकरं त्यांच्याच हातून हलाल व्हायचं. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी स्वतः होऊन सुरी चुलतभावाच्या मुलाकडे दिली. कुणी सांगितलं नव्हतं. "चुकार सुरीनं जनावराला तरास व्हतो," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून असायचे आणि रस्त्यानं कोण गेलं, कोण आलं, ते बघायचे. सनानं त्यांच्या खाटेसमोरच टाकी मांडली. तिच्या मनात काय होतं ते मी तिला विचारलं नाही.

पहिले काही दिवस त्यांनी टाकीकडे पाठ केली. मग खाट थोडी फिरवून घेतली.

त्यांचे दोस्त निवृत्तीआप्पा, आमच्या शेजारचे बागायतदार, रोज सकाळी येतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही टाकीला थर्माकोल लावून वर चौघडी गुंडाळत होतो तेव्हा ते दारातच थांबले.

"मुलाणी, आरं जलमभर बकऱ्या कापल्यास, आन् आता माशाला गोधडी?"

"मासा म्या कवा कापलाय?" अब्बा म्हणाले. "आमच्यात माशाला सुरी लागतच न्हाई. पाण्यातनं भाईर आला की तो हलालच."

"म्हंजी एवढा एकच जीव तुझ्या हातनं सुटला म्हन की."

"व्हय. म्हनून तर गोधडी."

आप्पा हसून हसून खोकायला लागले. पण मला ते वाक्य पुढे कितीतरी दिवस काट्यावर बसल्या-बसल्या आठवत राहिलं.

तयारी कशी करायची हे सनानं फोनवर सांगितलं आणि हिशोब मी केला. टाकीत सत्तर लिटर पाणी. तीन बाजूंना थर्माकोल, समोरची काच मोकळी, रात्री सगळ्यावर चौघडी. पण वर चार बोटं फट ठेवायची, नाहीतर हवा कोंडते. हवेसाठी सेलवर चालणारा छोटा पंप दौंडच्या दुकानातून आणलेला. आणि ऊब द्यायला बाटल्या. प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली, हात भाजणार नाही पण लागेल इतकं बंबातलं गरम पाणी, घट्ट झाकण, आणि ती टाकीत तरंगत सोडायची. एका बाटलीनं सत्तर लिटर पाणी साधारण अर्धा अंश वर येतं. मी ते आधी कागदावर काढलं आणि मग पट्टी बघून ताडून घेतलं. उत्तर जवळपास जुळलं तेव्हा मला जो आनंद झाला, त्याचं जुबेदाला फार हसू आलं.

बंब हे यंत्र मला फार आवडतं. तांब्याचं पोट, मधून नळी, खाली विस्तव. त्याला वीज माहीत नाही. लहानपणी थंडीत आंघोळीला जायच्या आधी मी त्याला पाठ लावून उभा राहायचो आणि अम्मी ओरडायची की सदरा जळेल. अम्मी जाऊन बरीच वर्षं झाली. पण बंबात उसाची चिपाडं सारताना तिचा आवाज अजून येतो, आणि मी अजूनही एक पाऊल मागं सरकतो.

गेल्या वर्षी डीपी जळाला तो ऐन थंडीत. संध्याकाळी कामावरून आलो तर अख्ख्या गावाचा आवाज बदललेला. ना पिठाची गिरणी, ना कुणाचा टीव्ही. लांबून पाचटाच्या कोप्यांमधल्या ऊसतोड मजुरांचं बोलणं तेवढं स्वच्छ ऐकू येत होतं. मी घरात शिरलो तर जुबेदानं टाकीला चौघडी घातलेली होती आणि अब्बा बाटल्यांची झाकणं तपासत होते. मला बरं वाटलं. वाटलं, जमलं आपल्याला.

दुसऱ्या दिवशी पट्टी एकवीसवर होती. अब्बांना आकडा दिसत नाही, पण पट्टीवरचा हिरवा रंग कुठं आहे ते दिसतं. "हिरवं खाली चाललंय," ते सांगायचे, आणि जुबेदा बाटली बदलायची. थंड झालेली काढायची, गरम सोडायची. मासे आधी बाटलीला भ्यायचे. मग त्यातली एंजलची जोडी, ते चपटे, उभ्या पट्ट्यांचे, लांब पंखांचे दोन मासे, बाटलीच्या खाली येऊन स्थिर उभे राहायला लागले. थंडीत माणसं शेकोटीजवळ उभी राहतात ना, तसे. अब्बांनी ते मला हाक मारून दाखवलं.

आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी पाणी दुधाळ झालं.

पाणी दुधाळ होणं म्हणजे पाण्यात काहीतरी सडतंय. मासे वरच्या थराला येऊन तोंडं उघडत होते. एक छोटा मासा कोपऱ्यात आडवा पडलेला. मी बॅटरी लावून तळात बघितलं तर वाळूवर करड्या रंगाचे कण होते. बाजरीचे.

"अब्बा, पाण्यात भाकरी कुणी टाकली?"

"म्या. दुपारचं दुसरं कोन असतंय हितं?"

"सनानं सांगितलं होतं, वीज नसली की खायला घालायचं न्हाई."

"पोरगी शिकलेली हाय, ते खरं. पर तिनं कवा जनावर सांभाळलंय? थंडीत बकरीला पाला जास्ती लागतो. पोटात असलं तर अंगात ऊब ऱ्हाती. आन् दावणीचं जनावर उपाशी ठिवत न्हाईत, रफिक. म्या कापायच्या आधी बी पाणी दाखवल्याशिवाय, मूठभर पाला दिल्याशिवाय सुरी उचलली न्हाई."

आमच्या भागातली हीच रीत आहे. आजारी माणसाला बघायला आलेला प्रत्येक जण विचारतो, जेवले का? मयताच्या घरीसुद्धा शेजारी चूल पेटू देत नाहीत आणि जेवल्याशिवाय उठू देत नाहीत. उपाशी ठेवणं म्हणजे वैर. त्या गोष्टीला औषध म्हणायचं हे त्यांना कोण पटवणार?

मी सनाला फोन लावला आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

"दादा," ती आजोबांना म्हणाली, "बकरीच्या अंगात शेगडी असते. माशाच्या अंगात न्हाई. पाणी गार झालं की त्याचं पोटबी गार पडतं. खाल्लेलं पचत न्हाई. आणि न खाल्लेलं पाण्यात कुजतं, आणि तेच पाणी त्याच्या कल्ल्यातनं जातं. गाळणी बंद हाय ना."

अब्बांनी टाकीकडे मान वळवली.

"म्हंजी उपाशी ठिवलं तरच जगत्याल?"

"व्हय, दादा. आठ दिवस काय होत न्हाई त्यांना."

"असलं जनावर म्या पयल्यांदाच बघतोय," ते म्हणाले, आणि बाह्या सरसावून उठले.

त्या सकाळी मी कामावर उशिरा गेलो. टाकीतलं चौथा हिस्सा पाणी नळीनं काढलं, तळातले कण ओढून घेतले. नवं पाणी बंबातलं आणि हौदातलं मिसळून टाकीइतकंच कोमट करून घेतलं. गाळणीतला स्पंज काढून टाकीतून काढलेल्याच पाण्यात धुतला, कारण नुसता बंद पडून राहिला तर तोही नासतो. सेलचा पंप दम तोडत होता. तेव्हा अब्बांनी तांब्या उचलला. टाकीतलंच पाणी घ्यायचं आणि वरून धार सोडायची, म्हणजे धारेबरोबर हवा आत जाते. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे धार सलग पडत नव्हती, तुटत तुटत, थेंबाथेंबानं पडत होती, आणि फेस जास्त होत होता. मासे त्या फेसाखाली जमले.

खरी गोष्ट पुढे झाली. दुसऱ्या दिवशी अब्बांनी चहाला हात लावला नाही. जुबेदानं भाकरी-कालवण आणलं, ते परत पाठवलं. "रोजा हाय," म्हणाले.

"आज कसला रोजा?" जुबेदानं विचारलं.

"माझा. ती समोर उपाशी हाईत. त्यांच्या म्होरं बसून म्या घास कसा गिळू?"

"आवं अब्बा, वय काय तुमचं! चक्कर आली म्हंजी? आन् तुमचा रोजा सांजच्याला सुटंल, त्यांचा कुठं सुटतोय?"

"मग तेवढं त्यांच्याकडून जास्ती. माझ्याच्यानं एवढंच व्हतंय."

ती माझ्याकडे वळली, तुम्ही सांगा म्हणून. मला हिशोब येतो. उपासानं पाणी एक दशांश अंशानंही गरम होत नाही, हे मला ठाऊक होतं. अब्बांनाही ठाऊक असावं. जुबेदा चिडून आत गेली आणि भांडी जरा जोरातच घासली. पण सूर्य कलायच्या आत तिनं खजूर भिजवून ठेवले होते.

आप्पा आले ते मोटारसायकलवर चिपाडाचा भारा बांधून. त्यांच्या गुऱ्हाळावर चिपाडाला तोटा नाही. "बंबाला कमी पडायला नगं," म्हणाले. मग अब्बांच्या सुकलेल्या तोंडाकडे बघून, "मुलाणी, रमजान तर लांब हाय की रं."

जुबेदानं आतून सांगितलं, माशांसाठी उपास धरलाय.

"असं व्हय! मंग म्या बी आज चहा घेत न्हाई. माझी एकादशी समज."

"आज एकादशी कुठं हाय?" अब्बा म्हणाले.

"तुझा रमजान तरी कुठं हाय?"

दोघं म्हातारे टाकीसमोर बसून राहिले. एकानं तांब्या धरायचा, दमला की दुसऱ्यानं. गावभर बातमी पसरलीच होती. येणारा जाणारा खिशात बिस्कीट नाहीतर चुरमुरे घेऊन यायचा, माशांना म्हणून. अब्बा त्याला दारातच अडवायचे. "खायला काय आनलं असंल तर पोरास्नी वाट. हितं तांब्या धर." अशी त्या दिवसांत कितीतरी माणसं आमच्या खोलीत तांब्या धरून गेली. मी कामावरून यायचो तेव्हा पट्टी वीस-एकवीसच्या आसपास असायची. त्याखाली ती गेली नाही.

आमचा काटा दहा किलोच्या टप्प्यानं वजन दाखवतो. त्याहून हलकं काही त्यावर ठेवलं तर समोर शून्य येतं. टाकीतले सगळे मासे एकत्र करून काट्यावर ठेवले तरी शून्यच येईल. पूर्वी मी हे यंत्राचं वैशिष्ट्य म्हणून नव्या माणसाला सांगायचो. आता सांगताना जरा अडखळतो. काटा चुकीचा नाही. तो उसासाठी बनवलेला आहे. प्रत्येक गोष्टीला तोच लावायचा नसतो, एवढंच.

नवा डीपी ट्रॅक्टरवरून आला. गावातली पोरं-बाप्ये दोर धरायला गेले, वायरमन वर चढला. दुपारी एकदम सगळ्या गल्ल्यांतून "आली! आली!" असा गलका झाला. आमच्या पंपानं एक उचकी दिली आणि बुडबुडे सुटले. जुबेदा टाळ्या वाजवत बाहेर आली. तिनं खाद्याची डबी अब्बांच्या हातात दिली.

अब्बांनी ती झाकण न उघडता परत दिली. "हिरवं अजून खाली हाय. त्यांचं पोट उघडू दे."

त्यांनी त्या दिवसाचा रोजाही संध्याकाळी, वेळेवरच सोडला. दुसऱ्या दिवशी पट्टी चोवीसवर गेली तेव्हा त्यांनी चिमूटभर खाद्य पाण्यावर सोडलं. एंजलची जोडी वर आली. नरानं एक कण टिपला, बाहेर टाकला, पुन्हा टिपला. अब्बा तेवढा वेळ उभेच होते. मग खाटेवर बसले आणि जुबेदाला म्हणाले, "आता आन माझी भाकरी." त्या थंडीत आमचे दोन छोटे मासे गेले. बाकीचे सगळे राहिले. उन्हाळ्यात एंजलनं पानावर अंडी घातली आणि अब्बांनी आठवडाभर त्या कोपऱ्याला कुणाला बोट लावू दिलं नाही. त्यातली थोडी पिल्लं जगली. एक जोडी आप्पांच्या घरी गेली आहे, दोन सनाच्या हॉस्टेलवर.

यंदा मी तयारी लवकर केली. थर्माकोल मापानं कापून ठेवला, सेल नवे आणले, बाटल्यांची झाकणं तपासली. हे लिहायला बसलो होतो तेवढ्यात फोनवर निरोप आला. उद्या लाईनच्या दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. दिवसभराचंच आहे, पाणी फार तर दोन अंश उतरेल, काळजीचं काही नाही, असंही सांगितलं.

अब्बांनी ऐकलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, उद्या सकाळची माझी भाकरी टाकू नगंस."

मी जुबेदाकडे बघितलं. गेल्या वर्षीचं भांडण मला आठवत होतं. ती पिठाचा डबा उघडून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"मग पहाटं उठा म्हंजी झालं," ती म्हणाली. "उजाडायच्या आत सहरीला टाकते. समद्यांच्याच टाकते. एकट्यानं उपाशी ऱ्हायचं नसतं, अब्बा."

उद्या मला कामावर डबा मिळणार नाही, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.